घर नंबर एकशे त्रेपन्न

चौथा खिळा ठोकून मी हातोडी खाली ठेवली आणि दोन पावलं मागं सरून पाटी सरळ बसली की नाही ते बघायला लागलो. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "ह्या तू काय केलंस?"

वळून बघतो तर सत्तरीतला एक काटक म्हातारा. हातात मासळीची पिशवी, डोक्याला पंचा. माझ्याकडं बघतच नव्हता. पाटीकडं बघत होता, आणि तोंड असं की खिळे त्याच्याच पोटरीत गेलेत.

"घराला नंबर दिला," मी म्हणालो. "एकशे त्रेपन्न."

"ही होडी," म्हातारा म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "होती."

आता माझी बाजू पण ऐकून घ्या. मी जत तालुक्यातला. आमच्याकडं ओढ्याला पाणी आलं तर लोक पोराबाळांना घेऊन बघायला जातात. ग्रामसेवकाची नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक मिळाली सिंधुदुर्गात, खाडीकाठच्या मोरवेळ गावात. येऊन तीन आठवडे झाले होते. वरून हुकूम आला की महिनाअखेर गावातल्या प्रत्येक घरावर नंबराची पत्र्याची पाटी लागली पाहिजे. मी पाट्यांची पिशवी घेऊन निघालो. खाडीच्या कडेला लाकडी टेकूंवर उभी असलेली ती बत्तीस फुटी वस्तू माझ्यासमोर आली. वर नारळाच्या झापांचं छप्पर, छपरातून चुलीचा धूर, दोरीवर लुगडं वाळत घातलेलं, डब्यात तुळस. शिडीवरून एक आजी उतरली आणि तिनं मला चहा दिला. जिथं चहा मिळतो त्याला घर म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

रजिस्टरात मी नोंद केली. छप्पर, झापांचं. भिंती, लाकडी, बाहेरच्या बाजूला फुगलेल्या, दुरुस्तीची गरज. पाया, आढळला नाही.

आजीला तर पाटीचं फार कौतुक. "आमका पण नंबर?" असं तिनं दोनदा विचारलं आणि पाटी ठोकताना स्वतः धरून उभी राहिली.

"खालच्या फळयेक मारलंस," म्हातारा म्हणाला. "चार खिळे."

"चुकलं असेल तर काढतो की."

"काढू नको." त्यानं पिशवी खाली ठेवली आणि एकेका खिळ्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. "खिळो आत हा तोपर्यंत भोक नाय. काढलंस काय चार भोकां. रवांदे आता."

असे माझे आणि धाकू सारंगाचे ऋणानुबंध जुळले. तिथली म्हातारी माणसं ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात आणि त्याच वाक्यात अरेतुरेही करतात. मला आवडायचं ते. मी पुढं दोघांना धाकूतात्या आणि गुलाबकाकी म्हणायला लागलो आणि आठवड्यातून चारदा तिथंच जेवायला लागलो. माशाचे काटे काढायला मला गुलाबकाकीनं शिकवलं. घशात अडकला की केळं द्यायची आणि हसायची.

त्यांचं खरं घर तिथंच, वीस पावलांवर होतं. एका वादळात ते बसलं. जोतं तेवढं उरलं. परत बांधायला परवानगी मागितली तर उत्तर आलं, भरतीच्या रेषेपासून एवढ्या अंतरात नवं बांधकाम चालत नाही. धाकूतात्यांनी विचारलं, नवं कसं, जुनंच बांधतोय. तर म्हणे पडलं की जुनं संपलं. वरच्या वाडीत जागा नव्हती आणि भाड्यानं राहायची दोघांची ऐपत नव्हती. शेवटी तात्यांनी मासेमारी बंद केली, आपली 'सातेरीप्रसाद' काठावर ओढली आणि दोघं तिच्यात राहायला गेली.

हे सगळं मला ठाऊक होतं. त्यात एक नारळ होता, तो मात्र ठाऊक नव्हता.

माघ महिन्यात तालुक्याहून तपासणीसाठी इंगवलेसाहेब आले. माणूस वाईट नव्हता. पोटाचा विकार असावा, सारखा ओवा चघळायचा. खाडीकाठच्या विनापरवाना बांधकामांची यादी करायची होती, म्हणून त्यांनी सरळ माझं रजिस्टर उघडलं.

"हे एकशे त्रेपन्न. भरतीच्या रेषेपासून किती?"

"साहेब, भरतीला पाणी त्याच्या खालून जातं."

"मग पाडायला लागणार."

"साहेब, ते घर नाही. होडी आहे."

"रजिस्टरला घर आहे. सही तुमची."

"चूक झाली साहेब."

साहेबांनी ओव्याची डबी बंद केली. "कुठली चूक, भाऊसाहेब? तेव्हा होडीला चुकून घर म्हणालात, का आता घराला चुकून होडी म्हणताय?"

मी म्हटलं, चला, मालकालाच विचारू. काठावर गेलो. साहेबांनी टेप काढून होडीची लांबीरुंदी घेतली, खाली वाकून पाया शोधला आणि मग तात्यांना विचारलं, "आजोबा, ही होडी आहे का घर?"

मी साहेबांच्या पाठीमागं उभा राहून ओठांनी, डोळ्यांनी, हातांनी, जमेल तेवढ्या अवयवांनी होडी म्हणून सांगत होतो. वल्हवल्याचा अभिनयसुद्धा केला. तात्यांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "घर."

झालं. पंधरा दिवसांची नोटीस.

जाताना साहेब जीपशी थांबले. "माझं काही वैर नाही यांच्याशी. पंधरा दिवसांत ही वस्तू पाण्यावर तरंगून पलीकडच्या काठाला जाऊन परत आली, तर मी होडी लिहितो. होडीला बांधकाम परवानगी लागत नाही. पौर्णिमेला भरतीच्या वेळी येतो. नाही तरंगली तर घर, आणि घर असलं तर माझा इलाज नाही."

संध्याकाळी मी तात्यांच्या पुढ्यात बसलो. माझ्या आवाजाला त्या दिवशी ताळ राहिला नव्हता. "तात्या, एक शब्द बोलायचा होता. होडी. दोन अक्षरं. ती बोलायला काय जातंय तुमचं?"

"खोटा कसा बोलू?"

"खोटं कसलं त्यात? होडीच आहे ती."

तात्या बिडी पेटवायला लागले. उत्तर दिलं गुलाबकाकीनं. "आमच्यात होडयेर बाय चढणा नाय, भाऊसाहेब. होडी दर्याची. लग्न होवन चव्वेचाळीस वर्सां झाली, हेंच्या होडयेक मी कधी पाय लावलंय नाय. घर पडला तेव्हा हेंनी नारळ फोडल्यानी, दर्याक सांगल्यानी, ही आता होडी नाय, हा आमचा घर. मगे मी चढलंय."

"समक्ष सांगलंय," तात्या म्हणाले. "कमरेएवढ्या पाण्यात उभो रवान. आता साहेब इलो म्हणान शब्द फिरवू? साहेब बदली होवन जातलो. दर्या हयच रवतलो."

मी डोकं धरून बसलो. माझ्या चार खिळ्यांनी होडीचं घर केलं, म्हणून दिवसभर माझं मन मला खात होतं, आणि ह्या माणसानं तर माझ्याआधी एका नारळानं ते करून ठेवलं होतं. पण कागदावर आणलं मीच, हे काही कुठं जात नव्हतं. ह्या दोघांच्या डोक्यावरचं छप्पर माझ्यामुळं जाणार होतं, आणि तरी गुलाबकाकी माझ्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढत होती. मला रडायला आलं. सरळ सांगतो, मी रडलो.

"रडतंस कित्याक," गुलाबकाकी म्हणाली. मग तिनं वाढायची पळी खाली ठेवली. नवऱ्याला म्हणाली, "नारळ तूच फोडलंस मा? मगे दुसरो फोड. दर्याक सांग, होडी परत घेतलंय. ह्यात खोटा काय आसा?"

तात्यांची बिडी हातातच राहिली. "आणि तू?"

"मी उतारतंय."

"खंय जातलंस?"

"तुझ्या भयणीकडे."

तात्यांची बहीण आणि गुलाबकाकी यांच्यातून विस्तव जात नव्हता. एका लग्नात वाढलेल्या सोलकढीवरून बिनसलं होतं, त्याला एकवीस वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी गुलाबकाकीनं आपली चूल आपल्या हातानं मोडली, मातीची ढेकळं खाडीत सोडली आणि एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात तुळशीचा डबा घेऊन नणंदेच्या पडवीत राहायला गेली. तात्यांनी पाण्यात उतरून नारळ फोडला. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलत होते. दर्यालासुद्धा समजावून सांगावं लागलं असणार.

मग दोन आठवडे म्हातारा होडीला भिडला. फळ्यांच्या सांध्यांत कापूस भरला, वरून राळ आणि तेल लावलं. दोन पुतण्यांना मदतीला घेतलं. घराचं छप्पर उतरवलं. एकच जागा सोडली, माझी पाटी. "ती आसा तशी बरी," म्हणाले. जेवायचे मात्र नाहीत नीट. गुलाबकाकी नणंदेच्या घरून डबा पाठवायची, डबा खाली होऊन परत जायचा, पण तो मी खायचो.

"कसा आसा?" ती मला पडवीत विचारायची.

"ठीक आहेत. तुमचं?"

"माझा काय. वन्सांनी काल सोलकढी केल्यानी," ती म्हणायची आणि पुढं काही सांगायची नाही.

पौर्णिमेला दुपारी इंगवलेसाहेब आले, बरोबर फोटो काढायला एक शिपाई. पाणी चढत होतं. माझ्या मांड्यांपर्यंत आलं होतं आणि माझी पाटी पाण्याच्या जरा वर दिसत होती. अजून दोन वीत पाणी चढलं की होडी टेकूंवरून उचलली जाणार होती. पुतणे वल्ही घेऊन बसले होते, तात्या सुकाणावर. गुलाबकाकी लांब माडाखाली उभी होती.

शिपायानं कॅमेरा डोळ्याला लावला. साहेब म्हणाले, "थांब. भाऊसाहेब, ती पाटी काढा."

"साहेब, नंतर काढतो की."

"पंचनाम्याला होडीचा फोटो लावायचा आणि होडीवर घर नंबर? माझी चौकशी लागेल. आत्ता काढा."

मी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी आभाळाकडं बघितलं. माझ्याच हातोडीनं मी चारी खिळे उपसले. पाटी खिशात घातली. भोकं लहान होती, पण आरपार होती. शिपायानं झकास फोटो काढला आणि साहेब होडीत चढले. "पंच म्हणून तुम्हीही या," म्हणाले.

मला पोहता येत नाही. हे मोरवेळात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तिथं ते मला चालता येत नाही असं सांगितल्यासारखं झालं असतं. मी चढलो. पाणी चढलं. होडीनं एक हिसका दिला, टेकू सुटले आणि सातेरीप्रसाद तीन वर्षांनी तरंगली. काठावर कुणीतरी शिट्टी मारली. आणि होडीच्या तळाशी, चार बारीक कारंजी सुरू झाली.

मी पहिल्यांदा रुमाल दाबला. तो पाण्यानं बाहेर फेकला. तात्या मागून अगदी हळू म्हणाले, "बोटां घाल."

पाटी वीतभर लांब, चार बोटं रुंद. डाव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट दोन भोकांवर, उजव्या हाताचं तसंच. बरोबर बसली, जशी मापं घेऊनच मारली होती. पण तसं बसायचं म्हणजे गुडघे टेकून, कपाळ फळीला लावून, पार्श्वभाग साहेबांकडं करून बसावं लागत होतं.

"भाऊसाहेब, काय करताय?"

"साहेब, मला पाण्याची भीती वाटते." हे तर शंभर टक्के खरं होतं.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं." साहेब खरोखरच हळहळले. उठून माझ्याजवळ आले आणि माझी पाठ थोपटायला लागले. "डोळे मिटा. देवाचं नाव घ्या. माझ्या मेहुण्यालापण असंच होतं." थोपटण्याच्या धक्क्यानं माझं एक बोट निसटलं आणि कारंजं थेट साहेबांच्या पँटवर गेलं.

साहेब पँटकडं बघत राहिले. तात्या सुकाणावरून अगदी शुद्ध भाषेत म्हणाले, "साहेब, होडी म्हटली म्हणजे पाणी थोडं उडायचंच."

"हो, ते आहेच," साहेब म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. मला वाटतं, एवढं ओलं झाल्यावर त्यांची खात्री पटली असावी. घरात बसून माणसाची पँट भिजत नाही.

पलीकडच्या काठाला होडीचं टोक टेकलं. परत फिरलो. मी दोन्ही काठ बघितले नाहीत, फळीवरची एक गाठ तेवढी बघितली. ती मला आजही काढून दाखवता येईल. परत आल्यावर साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं की सदर वस्तू पाण्यावर तरंगून स्वबळावर गेली व आली, सबब ती होडी आहे, नोटीस रद्द. मी सही केली. चारी बोटं जांभळी झाली होती. साहेबांनी ती बघितली, होडीकडं बघितलं, ओव्याची डबी काढली आणि मला चिमूटभर ओवा दिला. जीप निघून गेली.

आता सगळं झालं, असं मला वाटलं. गुलाबकाकी माडाखालून आली, गाठोडं आणि तुळशीचा डबा घेऊनच. पाणी पायाला लागलं तिथं थांबली. तात्या होडीत उभे होते. दोघांत दोन हात अंतर.

"येवू?" तिनं विचारलं.

तात्या हात पुढं करेनात.

"काय झाला?"

"होडी आसा ही," तात्या म्हणाले. "परत घेतलंय मा. नारळ फोडून."

माझ्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. घर केलं तर साहेब पाडणार. होडी राहिली तर गुलाबकाकी चढणार नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून घर वाचवलं होतं आणि घरधनीण काठावर ठेवली होती.

"तात्या, तिसरा नारळ फोडा," मी म्हणालो. "मी आणतो."

"दर्या काय खुळो आसा?" तात्या पहिल्यांदाच माझ्यावर खेकसले. "आज घर, उद्या होडी, परवा घर? साहेबाक फसवूक येता. तेका नाय." आणि खाली बसले. सुकाण सोडून, डोक्याचा पंचा काढून, तोंडाला लावून बसले.

गुलाबकाकी मात्र शांत होती. पंधरा दिवस नणंदेच्या पडवीत काढलेली बाई, तिला कशाचं भय उरलं नव्हतं. तिनं लुगड्याचा ओचा वर खोचला.

"मगे होडी म्हणानच घे माका," ती म्हणाली. "घर म्हणान नको. चव्वेचाळीस वर्सां तू जातंस आणि मी हय उभी रवतंय. काय आसा थंय, ता मी कधी बघूक नाय. दर्याक सांग, बायलेक दाखवूक आणलंय. तेणा नाय म्हटल्यान तर मी उतारतंय."

तात्यांनी पंचा बाजूला केला. बराच वेळ पाण्याकडं बघितलं. पाणी नुसतं काठाला लागत होतं. मग ते उठले, पुढं आले आणि त्यांनी हात पुढं केला. आधी तुळशीचा डबा घेतला, मग गाठोडं, मग तिला.

मी काठावर उभा राहून डोळे पुसत होतो. पुतण्यांनी वल्ही उचलली. तेवढ्यात तात्या ओरडले, "भाऊसाहेब, ये."

"मी कशाला? तुम्ही दोघं जा की."

"भोकां कोण धरतलो? खुंट्यो तासून मारीपर्यंत भरती उतरात."

म्हणून मी परत गेलो. परत गुडघे, परत कपाळ, परत चार बोटं, परत तीच गाठ. पुढं त्या भोकांत लाकडी खुंट्या बसल्या, होडी खाडीत नांगरून राहिली आणि दोघं तिच्यातच राहिली, होडी म्हणूनच. बाकीच्यांच्या बायकाही कधीमधी चढायला लागल्या, दर्यानं कुणाला काही विचारलं नाही. माझी बदली झाली. एकशे त्रेपन्नची पाटी आज जतला माझ्या दारावर आहे, आणि पोस्टमन तिच्यावरून अजून माझ्याशी भांडतो.

पण गुलाबकाकीनं पहिल्यांदा खाडी बघितली, ते मी बघितलं नाही. मी नुसतं ऐकलं. ती विचारत होती, ह्या काय, त्या काय, आणि चार शब्दांवर पाचवा न बोलणारा तो माणूस सगळं सांगत होता. हय पाण्याखाली खडप आसा. थंय मोरी मासो गावता. हयसून उगडो दर्यो.

मग ती म्हणाली, "हयसून आपला घर दिसता?"

"पडला मा ता."

"नाय. होता तेव्हा. दिसायचा?"

वल्ह्यांचा आवाज थांबला. पुतणेही ऐकत असावेत.

"घर नाय दिसायचा," तात्या म्हणाले. "तू दिवो लावायचंस, तो दिसायचो. तेच्यावर तर मी येय होतंय."

माझी बोटं बधिर झाली होती, पण मी एकही हलवलं नाही.